वर्ग उभा राहिला तेव्हा

माझी मैत्रीण शाळेच्या खिडकीत उभी राहून घोषणा देत होती आणि तेवढ्यात तिला गोळी लागली, असं घाटकोपरला आमच्या भागातली जुनी माणसं अजून सांगतात. सांगताना त्यांचा आवाज चढतो. मी समोर असले तर वळून विचारतात, "काय हो, तुम्ही होतात ना त्या वर्गात?" होते. तिच्या शेजारीच होते. आणि असं काही झालं नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता सांगितलं तर ते लोकांना म्हातारीचं चिडणं वाटतं. म्हणून लिहिते. लिहिताना निदान कुणी मधे तोंड घालत नाही.

आम्ही दोघी एकाच चाळीत राहायचो. माझे वडील फोर्टातल्या एका कचेरीत कारकून, आमच्या दोन खोल्या. तिचे वडील कुर्ल्याला गिरणीत, त्यांची एक खोली आणि तिच्यात गावाकडून कामाच्या शोधात आलेलं कुणी ना कुणी कायम. मूळचे मालवणकडचे. ती माझ्याहून चांगली वीतभर उंच आणि मी वर्गात सगळ्यांत बुटकी. सकाळी आम्ही दोघी शाळेला निघालो की खालच्या मजल्यावरचे पुरुष दात घासता घासता म्हणायचे, "निघाल्या दीड पोरी!" मला संताप यायचा, कारण अर्धी कोण ते उघडच होतं. ती नुसती हसायची.

ती सांगितलेलं ऐकणारी मुलगी होती. बाईंनी शुद्धलेखनाच्या पाच ओळी सांगितल्या की ती पाचच लिहायची, साडेपाचही नाही. आईनं तेल आणायला पाठवलं तर वाटेत माकडवाल्याचा खेळ चालू असला तरी मान वर करायची नाही. मी तिला म्हणायचे, "अगं जरा बघ ना, आई काय इथं आलीय?" तर म्हणायची, "सांगितलंय ना तिनं." माझ्या घरी मी प्रत्येक गोष्टीला "का?" विचारायचे आणि "का म्हणजे काय?" ऐकून घ्यायचे. तिच्याकडे हा प्रश्नच नव्हता. म्हणूनच बाईंनी तिला चौथीची मॉनिटर केलं होतं.

आमची शाळा रस्त्यालगत होती, एका बैठ्या कौलारू इमारतीत. बाकं फक्त सातवीला. आम्ही खाली बस्करपट्ट्यांवर बसायचो, मुली खिडकीच्या बाजूला, मुलं भिंतीकडे. खिडकीला लाकडी गज होते आणि तिचा कठडा बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या बराच वर यायचा. वर्गात कुणी मोठं माणूस आलं की मॉनिटरनं ताडकन उठायचं आणि म्हणायचं, "एक साथ!" मग सगळ्यांनी उठून हात जोडायचे, "नमस्ते!" पहिलीपासून हे आमच्यात इतकं भिनलं होतं की पोस्टमन दारात आला तरी वर्ग उठायचा आणि तो बिचारा ओशाळून टोपी काढायचा. हेडमास्तरांना, म्हणजे मोठ्या गुरुजींना, याचा फार अभिमान. पाहुणे आले की ते मुद्दाम एकेका वर्गाच्या दारात जायचे. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. वर्ग उठला की त्यांचा चेहरा खुलायचा.

ते वर्ष मुंबई कुणाची या भांडणाचं होतं. आम्हां मुलांना त्यातलं कळत काहीच नव्हतं. मोठी माणसं संध्याकाळी जिन्यात उभी राहून तावातावानं बोलायची आणि सकाळी दुधवाला आला नाही की आई म्हणायची, "आज काहीतरी आहे." कधी शाळा सुटायची, कधी भरायची. त्या दिवशी भरली. निघताना मी तिच्या दारात दप्तर घेऊन उभी होते. तिची आई कडक बाई, उंच, आवाज खणखणीत. तिची वेणी घालता घालता म्हणाली, "भायर काय व्हयत तां होऊंदे, खिडकेकडे जावचां नाय. आयकलंस? बाई सांगतीत तसांच करायचां."

"होय गे आये," ती म्हणाली.

"आणि तू पण," तिची आई मला म्हणाली. मी मान हलवली.

दुपारी मधल्या सुट्टीनंतर रस्त्यावर गलका सुरू झाला. आधी लांबून, मग अगदी आमच्या भिंतीपलीकडे. दगड पडल्याचे, काचा फुटल्याचे आवाज आले. बाई तरुण होत्या, नव्यानं लागलेल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण त्यांनी केलं ते शहाणपणाचं केलं. सगळ्या वर्गाला खिडकीच्या खाली, भिंतीला चिकटून बसवलं. मुलं, मुली, सगळी एकत्र, गुडघ्याला गुडघा लावून. म्हणाल्या, "कुणीही उठायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही." आम्ही बसलो. ती माझ्या डाव्या हाताला होती. माझा हात तिनं हातात घेतला होता आणि तिचा तळवा घामानं ओला झाला होता. मग बाहेर फटाके वाजल्यासारखं वाजलं. एक मुलगा म्हणाला, "फटाके." बाई म्हणाल्या, "गप्प."

मोठे गुरुजी प्रत्येक वर्गाला हेच सांगत व्हरांड्यातून धावत येत होते. खाली बसा, उठू नका, हेच. आमच्या दारात ते पोचले तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. तोंड उघडलेलं होतं. पण शब्द बाहेर पडायच्या आधी माझा हात सुटला आणि ती उभी राहिली.

"एक साथ!"

आणि वर्ग उभा राहिला. सगळा वर्ग. मीसुद्धा. हात जोडून. बाहेर गोळ्या चालल्या होत्या आणि आम्ही गुरुजींना नमस्ते करायला उभे होतो. गुरुजी दोन्ही हात खाली दाबत ओरडले, "बसा! अरे बसा!" ते ऐकू आलं तोवर गजातून आत यायचं ते आलं होतं. मी उभी होते तरी माझं डोकं कठड्याच्या खालीच होतं, बाकी काही कारण नाही. ती उंच होती. तिच्या पलीकडचा मुलगा उंच होता, वर्गात सगळ्यांत छान बासरी वाजवायचा. दोघं गेली. तिसरा एक मुलगा होता, त्याच्या कोपराचा चुरा झाला, तो वाचला. ती माझ्या अंगावर पडली. मला वाटलं ती गुरुजींचं ऐकून बसली.

यापुढचं त्या दिवसाचं मी लिहिणार नाही. मला आठवतं सगळं, पण ते लिहून कुणाचं भलं व्हायचं नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं की एका शूर बालिकेनं खिडकीत उभं राहून घोषणा दिली आणि छातीवर गोळी झेलली. हे कुणी सांगितलं, कुठून आलं, देव जाणे. रस्त्यावरून कुणाला तरी खिडकीत उभी राहिलेली मुलगी दिसली असेल, तिचं उघडलेलं तोंड दिसलं असेल. बाकीचं माणसांनी भरून घेतलं. माणसं फार लवकर भरून घेतात. मी वडिलांना म्हटलं, "असं नाही झालं. ती नमस्ते करायला उठली." वडिलांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "हे बाहेर बोलू नकोस." आईनं मला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं, "त्या माउलीची पोर गेली गं. देशासाठी गेली म्हणतात तर म्हणू दे. तिला तेवढं तरी राहू दे." दारात वार्ताहर आला होता, त्यालाही मी सांगितलं. तो म्हणाला, "नमस्ते?" आणि काही न लिहिताच पेन्सिल कानावर अडकवली. नमस्ते करताना मेलेल्या मुलीचं कोण काय करणार!

पण माझ्या आईचा हिशेब साफ चुकला होता. तिच्या आईला त्यात काडीचाही आधार नव्हता. तिच्या वडिलांना होता. ते गिरणीतून आले की लोक त्यांच्याकडे येऊन हात जोडायचे, ते मान ताठ ठेवून ऐकायचे आणि मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहायचे. तिची आई मात्र त्या गोष्टीनं जळत होती. कारण तिनं सांगितलं होतं, खिडकीकडे जायचं नाही. आणि आता सगळं जग तिला येऊन अभिमानानं सांगत होतं, तुमची मुलगी खिडकीत गेली.

"त्या चेडवान माजां आयकूक नाय," ती नळावर हंडा लावून म्हणायची. कुणाला उद्देशून नाही. "जन्मात एकच डाव आयकूक नाय, आणि तां त्याच दिसा."

भिंतीवर मुलीचा फोटो लावला होता, चळवळीच्या कमिटीतल्या लोकांनी मोठा करून दिलेला. ती त्याला हार घालायची नाही. उदबत्तीसुद्धा नाही. तिच्या नवऱ्यानं घातलेला हार वाळून काळा पडला तरी ती तो काढायची नाही. बायका म्हणायच्या, हिचं काळीज दगडाचं. मला माहीत होतं, तसं नव्हतं. रोज दुपारी शाळा सुटायच्या वेळेला ती दारात येऊन उभी राहायची आणि मी एकटी जिना चढून आले की मला विचारायची, "तां खिडकेकडे कित्याक गेलां गो? तू होतंस ना?" मी माझ्या आईकडे बघायचे. आई आतून डोळे वटारायची. मी म्हणायचे, "माहीत नाही." ती मान हलवून आत जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला शाळेतून घरी यावंसं वाटायचं नाही आणि शाळेत जावंसं त्याहून वाटायचं नाही. दहा वर्षांच्या मुलीनं जायचं तरी कुठं?

शाळेत आमचं सगळं बिघडून गेलं होतं. रस्त्यावर लॉरीनं जोरात आवाज केला की अख्खा वर्ग खाली वाकायचा. एक मुलगी पाटीनं डोकं झाकून बसायची, तिला घरच्यांनी मग मालाडला मामाकडे ठेवलं. कोपर गेलेला मुलगा बऱ्याच महिन्यांनी परत आला. त्याचा उजवा हात काठीसारखा सरळ राहिला होता, वाकायचा नाही. डाव्या हातानं तो अक्षरं गिरवायचा, पहिलीतल्या पोरासारखी, आणि ती बिघडली की पाटी आपटायचा. कुणी हसलं नाही. बासरी वाजवणाऱ्या मुलाचे आईवडील जागा सोडून निघून गेले. कुठं, ते कुणाला सांगितलं नाही.

मोठ्या गुरुजींनी शाळेत एकच नवा नियम केला. कुणीही कुणासाठी उठायचं नाही. कुणीही येवो. ते स्वतः व्हरांड्यातून जाताना आमच्या दाराशी आले की मान खाली घालून भराभर पुढे जायचे, चोरासारखे. आमच्या वर्गात ते त्यानंतर एकदाही आले नाहीत. तपासणीला साहेब आले तेव्हा आम्ही जागचे हललो नाही. साहेबांचा चेहरा पडला. "शिस्त कुठं गेली या शाळेची?" त्यांनी गुरुजींना बाहेर नेऊन विचारलं. गुरुजी काय बोलले ते ऐकू आलं नाही. त्यांची बदली होणार असं लोक म्हणायला लागले. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. दारात आलेच का, असं वाटायचं. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून पुष्कळ मोठी आहे आणि आता तो राग कुणावर काढायचा हे कळत नाही. ते आम्हाला वाचवायलाच आले होते.

मी तर घरीही उठेनाशी झाले. गणपतीत आरतीला सगळे उभे, टाळ्या चाललेल्या आणि मी पाटावर बसलेली. वडिलांनी दंड धरून उठवलं, मी पाय सोडून दिले. त्यांनी देवासमोर मला मारलं. नंतर रडले ते स्वतःच. मी रडले नाही. मला एवढंच वाटत होतं की ही माणसं मला काय करायला सांगतायत हे त्यांना कळत कसं नाही.

वर्ष झालं तेव्हा कमिटीनं शाळेशेजारच्या मैदानात सभा ठेवली. मांडव, पताका, लाउडस्पीकर. मंचावर तिचा मोठा फोटो, झेंडूच्या हारात बुडालेला. बासरीवाल्या मुलाचा छोटा फोटो कडेला, कारण त्यानं घोषणा दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आमच्या वर्गाला पुढे ताडपत्रीवर बसवलं होतं. मंचावर खुर्चीत तिचे आईवडील. आईनं नवं हिरवट लुगडं नेसलं होतं, कमिटीनं दिलेलं, आणि ती समोर कुठंतरी बघत होती. मोठे गुरुजी मंचावर बसले नाहीत. आमच्या मागे, मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते.

पाहुण्यांनी भाषण केलं. ती खिडकीशी कशी धावली, गज कसे धरले, कोणते शब्द उच्चारले. आदल्या वर्षी एकच घोषणा होती, आता तीन झाल्या होत्या. लोक टाळ्या वाजवत होते. मी तिच्या आईकडे बघत होते. प्रत्येक वाक्याला तिचा चेहरा आणखी आणखी बंद होत होता. गज धरले या शब्दांवर तिनं डोळे मिटले.

मग माइकवर कुणीतरी म्हणालं, "आता आपण सर्व जण दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू."

सगळं मैदान उठलं. आम्ही नाही. आम्ही काही ठरवलं नव्हतं, एकमेकांकडे बघितलंही नव्हतं. चौथीचे आम्ही सगळे, आता पाचवीतले, ताडपत्रीवर बसून होतो. कोपर गेलेला मुलगा हात पुढे ताठ धरून बसला होता. एक स्वयंसेवक वाकून दातओठ खात म्हणाला, "उठा रे! लाज नाही वाटत? तुमच्याच वर्गातली ना ती?" माझ्या मागे माझी आई होती. तिनं माझी वेणी ओढली. मी उठले नाही. मला उठताच येत नव्हतं.

मंचावर तिची आईही उभी होती. तिनं डोळे उघडले आणि सगळ्या उभ्या माणसांच्या पायाशी बसलेली आम्ही पोरं तिला दिसली. ती खाली उतरली. शांतता चालू होती, म्हणून तिला कुणी अडवलं नाही. ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली.

"तुमी उठणत नाय तां कित्याक?" तिनं हळू विचारलं.

आईनं मागून माझ्या खांद्यावर हात दाबला. पण आता बस झालं होतं. मी म्हटलं, "आम्ही उठलो होतो म्हणून ती गेली. मोठे गुरुजी दारात आले. ती मॉनिटर होती. 'एक साथ' म्हणाली आणि आम्ही सगळे नमस्ते करायला उठलो."

"खिडकेकडे गेलां नाय तां?"

"नाही. खिडकीखालीच बसलो होतो. माझा हात धरून बसली होती. खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही."

"आणि घोषणा?"

"नाही. नुसतं एक साथ."

तिनं मान वर करून माझ्या मागे बघितलं. गुरुजी खांब सोडून पुढे आले होते. "खरं आहे, बाई," ते म्हणाले. "मी दारात आलो. माझ्यासाठी उठली ती." मग ते तिथंच, मातीत, कोटासकट खाली बसले.

तिनं त्यांच्याकडे पुन्हा बघितलंच नाही. तिचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा मोकळा झाला. इतका मोकळा की ती एकदम तिच्या मुलीसारखी दिसली. मंचावरच्या फोटोकडे वळून, घरात बोलावं तशी ती बोलली, "म्हणजे माजां आयकल्यान. खिडकेकडे जावक नाय. आयकल्यान गो माज्या चेडवान." तिनं माझे दोन्ही गाल हातात धरले. तिचे हात गरम होते. मला वाटलं, झालं, सुटलो आपण सगळे. माझ्या आईचा खांद्यावरचा हातही सैल पडला.

मग तिच्या बोटांतला जोर गेला. हात माझ्या गालांवर तसेच होते, पण ती मला बघत नव्हती.

"मोठो माणूस इलो की बसान रवाचां नाय," ती म्हणाली. "उठान उभां रवाचां, हात जोडायचे. ह्यां मीच शिकयलंय तिका. आदी उठायचांच नाय तां. एवढासां होतां तेव्हापासना, चिमटे काढून काढून शिकयलंय."

दोन मिनिटं संपली. लोक खाली बसले.